अठरा तासांचा अभ्यास आणि सात तासांची झोप

दरवर्षी एप्रिल आला की आपल्या वस्त्यांत, वसतिगृहांत, ग्रंथालयांत सलग अठरा तास अभ्यासाचा उपक्रम होतो. डीजेपुढे नाचण्यापेक्षा पुस्तक उघडून बसणे केव्हाही चांगले, म्हणून मीही अनेक वर्षे मुलांबरोबर बसत आलो आहे. निफाड तालुक्यात कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवण्यात माझी नोकरी गेली. निवृत्तीनंतर संध्याकाळी विहारात बसतो.

अशाच एका एप्रिलमध्ये बाराव्या तासाला एक मुलगी पाणी प्यायला उठली आणि चक्कर येऊन खाली बसली. बारावीची परीक्षा नुकतीच झाली होती, नीटची परीक्षा तीन आठवड्यांवर होती. पंख्याखाली झोपवले, लिंबूपाणी दिले. दुसऱ्या दिवशी सरकारी दवाखान्यात रक्त तपासले तर हिमोग्लोबिन साडेआठ. पोरगी महिनाभर रात्री जेमतेम चार तास झोपत होती आणि सकाळी चहा-बिस्किटावर द्राक्षाच्या खुड्याला जात होती. तिची आई म्हणाली, "सर, मी म्हणते तिला, झोप थोडी. तर म्हणते, बाबासाहेब झोपले होते का?"

त्या प्रश्नाचे उत्तर द्यावे म्हणून हे लिहितो आहे.

हो, बाबासाहेब झोपत होते. परळच्या चाळीत एका खोलीत सारा संसार होता. पोराने पुस्तक उघडावे एवढीही निवांत जागा नव्हती. तेव्हा सुभेदार रामजींनी तोडगा काढला. मुलाने संध्याकाळी लवकर झोपायचे. बापाने दोन वाजेपर्यंत जागायचे, दोनला मुलाला उठवायचे आणि मग स्वतः आडवे व्हायचे. बाबासाहेबांच्या चरित्रात हा प्रसंग आपण वाचला आहे, भाषणांत ऐकला आहे. आपण त्यातले रात्री दोनचे उठणे लक्षात ठेवले. त्याच्या आधीची झोप विसरलो आणि मुलासाठी जागणारा बापही विसरलो. मुलगा १९०७ साली मॅट्रिक झाला, त्यात त्या खोलीतल्या व्यवस्थेचा वाटा होता.

माझे मत सरळ आहे. अभ्यास मुलाने किंवा मुलीने करायचा, पण अभ्यासाची व्यवस्था घराने आणि वस्तीने करायची. लाखाचा क्लास हा त्यानंतरचा प्रश्न. ही व्यवस्था नसेल तर क्लासचे पैसे पाण्यात जातात, आणि असेल तर साधारण बुद्धीचे मूलही बरेच पुढे जाते.

आधी परीक्षा समजून घेऊ

नीटमध्ये २०२५ साली १८० प्रश्न होते आणि वेळ १८० मिनिटे. भौतिकशास्त्र ४५, रसायनशास्त्र ४५, जीवशास्त्र ९०. बरोबर उत्तराला चार गुण, चुकलेल्या उत्तराचा एक गुण वजा, एकूण ७२० गुण. अर्धा पेपर जीवशास्त्राचा आहे. हा विषय वाचून, समजून, पुन्हा वाचून पक्का होणारा आहे. ज्या मुलांचे गणित कच्चे राहिले आहे त्यांनी सुरुवात इथून करावी. पण भौतिकशास्त्र सोडून देऊ नये; रोज थोडी उदाहरणे सोडवावीतच.

आपल्या घरांत एक मोठा गैरसमज आहे. मूल नीट "पास" झाले की चौकात फ्लेक्स लागतो. २०२५ मध्ये सुमारे २२ लाख मुलांनी परीक्षा दिली आणि १२ लाखांहून अधिक पात्र ठरली. देशभरातल्या एमबीबीएसच्या जागा मात्र सव्वा लाखाच्या आसपास, आणि त्यातल्या बऱ्याच खासगी महाविद्यालयांत, जिथली फी आपल्या घराला पेलत नाही. म्हणून पात्र होणे म्हणजे फक्त रांगेत उभे राहणे. सरकारी जागा मिळते ती गुणांवर. हे बारावीच्या सुरुवातीलाच आईबापाला माहीत असले, तर निकालाच्या दिवशी मुलाला "पास होऊन पण ॲडमिशन कसं नाही?" हा प्रश्न ऐकावा लागत नाही.

पुस्तके थोडी, पण पुन्हा पुन्हा

प्रश्न मुख्यतः एनसीईआरटीच्या अकरावी-बारावीच्या पुस्तकांवर बेतलेले असतात. ही पुस्तके एनसीईआरटीच्या संकेतस्थळावर मोफत आहेत. आपल्या राज्य मंडळाची पुस्तके वाईट नाहीत, बोर्डासाठी ती लागतातच. पण नीटसाठी जीवशास्त्राचे एनसीईआरटीचे पुस्तक ओळ न् ओळ वाचले पाहिजे, आकृत्या आणि तक्त्यांसकट.

एक सावधगिरी. नीटचा अभ्यासक्रम २०२४ च्या परीक्षेपासून कमी केला आहे. पचनसंस्था, ज्ञानेंद्रिये, पर्यावरणाचे प्रश्न असे काही धडे वगळले. रद्दीवाल्याकडून किंवा शेजारच्या दादाकडून जुने गाईड आणले तर ते नव्या अभ्यासक्रमाशी ताडून बघा. नाहीतर पोरगं महिना त्या धड्यावर घालवायचं, जो पेपरात येणारच नाही.

दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेल्या मुलांना अकरावीत इंग्रजी पुस्तकाची धास्ती वाटते. नीटची प्रश्नपत्रिका मराठीतही मिळते. अर्ज भरताना मराठी निवडले की मराठी आणि इंग्रजी दोन्ही भाषांत प्रश्न असतात. भाषांतरात घोळ झाला तर इंग्रजी प्रश्न ग्राह्य धरतात. मराठी निवडायची की इंग्रजी, हे अकरावीतच ठरवा आणि त्याच भाषेत सराव करा. अभ्यास एका भाषेत आणि पेपर दुसऱ्या भाषेत, असे केले की मिनिटे वाया जातात.

आणि एक चुकांची वही करा. सराव पेपरात जो प्रश्न चुकला तो तिथे लिहायचा आणि का चुकला तेही: माहीत नव्हते, घाईत वाचले, की आकडेमोड चुकली. हिशेब बघा. चुकलेला प्रश्न बरोबर आला की वजा होणारा एक गुण वाचतो आणि चार मिळतात, म्हणजे पाच गुणांचा फरक. अशा वीस चुका दुरुस्त झाल्या की शंभर गुण. नवे गाईड विकत आणून शंभर गुण वाढत नाहीत. अंदाजाने उत्तर देण्याचाही हिशेब असाच आहे. दोन पर्याय नक्की चूक आहेत हे कळत असेल तर उत्तर द्यावे. डोळे मिटून चार प्रश्न लावले आणि एक बरोबर आला, तर चारातून तीन वजा जाऊन हाती एकच गुण उरतो.

झोप, रक्त आणि डबा

दिवसभर वाचलेले मेंदूत पक्के बसते ते झोपेत. रात्री चार तास झोपून वाचलेला धडा सकाळी आठवत नाही, मग मूल तोच धडा पुन्हा वाचते आणि स्वतःला मठ्ठ समजते. सात तास झोप हा अभ्यासाचाच भाग आहे. रात्री अकरा ते दोन मोबाईलवर व्हिडिओ बघत केलेला "अभ्यास" मी अभ्यासात धरत नाही.

आपल्या मुलींमध्ये रक्त कमी असणे फार आढळते आणि ते आळस म्हणून खपते. धाप लागणे, डोके दुखणे, वाचता वाचता डोळे मिटणे, असे असेल तर आधी रक्त तपासून घ्या. मुलींचे हिमोग्लोबिन बारा किंवा अधिक हवे. सरकारी दवाखान्यात तपासणी होते. लोहाच्या गोळ्या उपकेंद्रात मोफत मिळतात. दहा ते एकोणीस वयाच्या मुलामुलींसाठी आठवड्याला एक निळी गोळी देण्याचा कार्यक्रमच आहे. रक्त फार कमी असेल तर किती गोळ्या घ्यायच्या ते डॉक्टर सांगतील. गोळी चहाबरोबर घेऊ नका, चहाने लोह अंगी लागत नाही. लिंबूपाण्याबरोबर घेतलेली बरी. बाजरीची भाकरी, मेथी, मटकी, शेंगदाणे-गूळ, जमेल तेव्हा अंडी, एवढे ताटात असले तरी पुष्कळ. महागड्या पावडरच्या डब्याची गरज नाही.

खुड्याचे दिवस

आता आपल्या भागातली खरी अडचण. बारावीचे पेपर मार्चमध्ये संपतात आणि नीट मे महिन्याच्या सुरुवातीला असते. मधले सहा-सात आठवडे उजळणीचे, सगळ्यात मोलाचे. पण नेमके तेच दिवस द्राक्षाच्या खुड्याचे, पॅक हाऊसचे आणि उन्हाळ कांदा काढून चाळी भरण्याचे. वर्षभरात हाताला सगळ्यात जास्त काम याच दिवसांत मिळते. परीक्षा संपलेली, मुलगी घरात "रिकामी", मग टोळीत एक हात वाढतो. मुलगा असला तर पिकअपवर कॅरेट भरायला जातो.

मी कुणाला दोष देत नाही. ज्या घरात रोजावर चूल पेटते तिथे हा हिशेब चुकीचा नसतो. पण दिवाळीतच घराने एक बैठक घ्यावी: बारावीनंतरचे ते सहा आठवडे पोरगी खुड्याला जाणार नाही. जे पैसे कमी पडतील ते कुठे काटायचे ते तेव्हाच ठरवावे. लग्नातला आहेर, जयंतीची वर्गणी, नवा मोबाईल, काहीतरी थांबेल. क्लाससाठी व्याजाने लाख काढण्याची तयारी असते, पण मुलीची सहा आठवड्यांची मजुरी सोडायची तयारी नसते, हे मी अनेक घरांत पाहिले आहे. दोन्हींत स्वस्त काय ते तुम्हीच मोजा.

घरातली पाण्याची, धुण्याची, धाकट्यांना सांभाळायची कामेही वाटून घ्या. नीटची तयारी करणारा भाऊ असेल तर त्याला खोली मिळते. बहीण असेल तर ती भाकरी थापून मग पुस्तक उघडते. हे आपल्या घरांत तरी चालू नये.

विहाराची किल्ली

आपल्या बहुतेक वस्त्यांत विहार आहे. पंखा आहे, दिवा आहे, भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब आहेत. आणि वंदनेची वेळ सोडली तर दाराला कुलूप आहे. पंच कमिटीला माझी विनंती एवढीच, की किल्ली रोज संध्याकाळी सहा ते दहा एका जबाबदार माणसाकडे द्या. चार टेबले आणि एक फळा ठेवा. लाऊडस्पीकर त्या वेळेत बंद. मुली अभ्यासाला येणार असतील तर एक उपासिका आळीपाळीने तिथे बसेल आणि दहाला त्यांना घरी पोहोचवेल. पत्र्याच्या घरात टीव्ही, भांडणे आणि पाहुणे यांच्या गर्दीत जे होत नाही ते इथे होते.

दर रविवारी दुपारी दोन ते पाच जुना पेपर सोडवायला बसा. ही वेळ मुद्दाम सांगतो, कारण नीट याच वेळेत असते. मे महिन्याच्या उन्हात, जेवणानंतर, तीन तास डोके चालले पाहिजे; ती सवय पहाटेच्या अभ्यासाने लागत नाही. जुने पेपर एनटीएच्या संकेतस्थळावर मोफत मिळतात. आयआयटी कानपूर आणि केंद्रीय शिक्षण मंत्रालयाचे "साथी" हे संकेतस्थळही नीटसाठी मोफत आहे. एका मोबाईलवर सहा जण बघू शकतात. गोल भरायच्या उत्तरपत्रिकेची झेरॉक्स काढून तिच्यावरच सराव करा. गोल भरण्याचा वेळही त्याच १८० मिनिटांत धरलेला असतो.

पेपर तपासून झाला की गुणांची तुलना करू नका. चुकांच्या वह्या एकमेकांना दाखवा. एकाला भौतिकशास्त्र जमते, दुसरीला जीवशास्त्र. ज्याला आले त्याने फळ्यावर समजावून सांगावे. सांगणाऱ्याचेच जास्त पक्के होते.

कागद अकरावीतच

गुण मिळवूनही कागदापायी जागा गेलेली मुले मी पाहिली आहेत. जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र, अधिवास, उत्पन्नाचा दाखला, आधार आणि बँक खाते यांवरचे एकसारखे नाव, एवढे वेळेत हवे. आजोबा-पणजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला, १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा वास्तव्याचा पुरावा शोधायला महिने लागतात. अकरावीत कागद जमवा, बारावी सुरू होताच कॉलेजमार्फत नाशिकच्या जिल्हा जात पडताळणी समितीकडे अर्ज करा. निकाल लागल्यावर धावपळ करून काही होत नाही.

आपल्याबाबत आणखी एक बारकावा. राज्यात नवबौद्धांना सवलती आधीपासून होत्या, पण केंद्राच्या सवलतींसाठी १९९० साली कायदा दुरुस्त होईपर्यंत वाट पाहावी लागली. केंद्राच्या यादीत जातीची नावे आहेत. बौद्ध हा धर्म आहे. म्हणून अखिल भारतीय कोट्यासाठी लागणाऱ्या केंद्राच्या नमुन्यातल्या दाखल्यावर मूळ अनुसूचित जातीचा उल्लेख लागतो. राज्याचा आणि केंद्राचा असे दोन्ही दाखले काढून ठेवा. नीटच्या अर्जात "अनुसूचित जाती" हाच प्रवर्ग निवडायचा. आपल्याला नॉन-क्रिमीलेअर लागत नाही, त्यासाठी कुणी पैसे मागितले तर देऊ नका.

राज्याच्या ८५ टक्के कोट्यात अनुसूचित जातींना १३ टक्के आणि अखिल भारतीय १५ टक्के कोट्यात १५ टक्के आरक्षण आहे. उत्पन्न अडीच लाखांच्या आत असेल तर भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती महाडीबीटीवरून मिळते. सरकारी वसतिगृहात जागा मिळाली नाही तर डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. बार्टीच्या प्रशिक्षणाच्या जाहिरातींवरही दहावीच्या निकालापासून लक्ष ठेवा.

क्लास लावायचा का?

परवडत असेल आणि शिकवणे चांगले असेल तर जरूर लावा. पण घर गहाण टाकून नको. लावण्याआधी दोन गोष्टी विचारा: एका वर्गात किती मुले, आणि मध्येच सोडले तर फी परत किती. जानेवारी २०२४ च्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनुसार उरलेल्या काळाची फी परत द्यायला हवी आणि सोळा वर्षांखालच्या मुलाला क्लासने घेऊ नये. जे बोलतील ते लिहून घ्या.

ही परीक्षा सर्वांना सारखी आहे असे मी म्हणणार नाही. एका मुलाला दोन वर्षे एसी वर्ग, दुसऱ्याला पत्र्याची खोली, आणि पेपर एकच. २०२४ ला तर हजारीबाग आणि पाटण्यात पेपर फुटला. सर्वोच्च न्यायालयाने तो मान्य केला, पण परीक्षा रद्द केली नाही. तामिळनाडूने २०२० मध्ये कायदा करून सरकारी शाळांत शिकलेल्या मुलांसाठी वैद्यकीय प्रवेशात साडेसात टक्के जागा राखल्या. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलेल्या आपल्या मुलांसाठी महाराष्ट्रात ही मागणी व्हायला हवी. ९ ऑक्टोबर २०२४ ला नाशिकसह राज्यात दहा ठिकाणच्या नव्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांचे उद्घाटन झाले. निफाडहून ते चाळीसेक किलोमीटर आहे. त्या वर्गात आपल्या वस्तीतली मुले बसावीत म्हणून मोर्चाही हवा आणि रविवारचा पेपरही हवा. एकासाठी दुसरे थांबवू नका.

मुलाकडे बघा

मूल जेवत नसेल, बोलत नसेल, "माझ्याने काही होणार नाही" म्हणत असेल, तर त्याला गुण विचारू नका, जवळ बसा. १४४१६ हा टेलि-मानसचा मोफत क्रमांक आहे, मराठीत बोलता येते. तो विहाराच्या फळ्यावर कायमचा लिहून ठेवा. आणि दुसरी वाट आधीच दाखवून ठेवा. याच नीटच्या गुणांवर बीएएमएस, बीएचएमएस, फिजिओथेरपी आहे. बी.एस्सी. नर्सिंगची आणि फार्मसीची सीईटी वेगळी आहे, तिचे अर्ज वेळेत भरा. पुन्हा एक वर्ष द्यायचे का, हे निकालाच्या दिवशी ठरवू नका. सराव पेपरातले गुण चढत होते का ते बघून, आठ दिवसांनी शांतपणे ठरवा.

ती चक्कर आलेली मुलगी? त्या वर्षी तिला जागा मिळाली नाही. घराने आणखी एक वर्ष दिले. आईने तिला खुड्याला पाठवले नाही, बाप रोज रात्री दहाला विहारातून तिला घरी आणायचा आणि अकराला दिवा बंद करायचा. दुसऱ्या वर्षी गुण बरेच वाढले, तरी एमबीबीएसची सरकारी जागा थोडक्यात हुकली. नर्सिंगच्या सीईटीचा अर्ज भरून ठेवला होता. आज ती नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, आणि सुट्टीत आली की विहारात धाकट्यांचे जीवशास्त्र घेते. तिच्या मागे सहा जण बसतात. त्यातल्या दोघी यंदा बारावीला आहेत.

येत्या जयंतीला अठरा तास अभ्यास जरूर करा, तो बाबासाहेबांना मानवंदना म्हणून. दुसऱ्या दिवशीपासून मुलांनी सात तास झोपावे. आणि आपण मोठ्यांनी सुभेदार रामजींसारखे जागावे.

जय भीम!